मच्छरदाणीतलं फूल

त्या जातीचं ऑर्किड अख्ख्या रानात एकाच फांदीवर उरलं होतं. यंदा ते फुललं, तशी राखणदार काकांनी घरची मच्छरदाणी कापून त्यावर चढवली आणि चारी बाजूंनी शिवून टाकली. मुंगी शिरेल तर शपथ.

"मला डास फोडून खाताहेत आणि फूल झोपलंय मच्छरदाणीत," बायको म्हणाली.

महिन्याभराने संशोधक ताई शेंग धरली का ते पाहायला आल्या. काकांची छाती फुगली. "बघा ताई, एक पाकळी कोमेजलेली नाही."

ताईंनी जाळीवरचे टाके बोटाने चाचपून पाहिले. "काका, भुंगा पराग देऊन गेला की हे फूल कोमेजतं, मग शेंग धरते. भुंगा आत आलाच नाही, म्हणून ते अजून ताजं आहे."

"मग आत्ता काढतो जाळी."

"काढा. पण भुंग्यांचे दिवस सरले, परागही जुने झालेत. यंदा बी नाही, काका."

ताईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका टाके उसवू लागले.

वाटेवरून कुणीतरी हाक दिली, "काका, काय जपलंय हो फूल!"

काकांनी मान वर केली नाही.