शिरेवरची निळी रेघ

यकृत खराब झालेल्या माझ्या भावाच्या पोटातलं पाणी वसईच्या एका नर्सिंग होममध्ये दर पंधरवड्याला सुईनं काढावं लागे. डॉक्टर येण्याआधी तिथली सिस्टर त्याच्या पोटावरच्या फुगलेल्या शिरा, सुई त्यांना लागू नये म्हणून, निळ्या बॉलपेननं गिरवून ठेवायची. डॉक्टरांची सुई रेघेजवळ गेली की बोलायची फक्त एवढंच, "थांबा जरा."

एकदा डॉक्टर थांबले नाहीत. घाईत त्यांनी रेघेवरच सुई खुपसली आणि भळाभळा रक्त आलं. सिस्टर तासभर ती जागा दाबून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरच्या पेशंटला होतंच असं." होतंच? आणि मी मूर्ख, त्यांनाच थँक्यू म्हणालो!

पुढच्या खेपेला सुई पुन्हा रेघेकडेच वळली. या वेळी सिस्टर "थांबा जरा" म्हणालीच नाही. तिनं शिरेवर आपला तळहात ठेवला.

"टोचा आता, डॉक्टर."