डावखुऱ्याचं कोपर

सकाळचे सात वाजले होते आणि अमेरिकेतला बेसबॉलचा सामना माझ्या मोबाईलवर चालू होता. मी बॅट कधी हातात धरलेली नाही. पण सामना सुरू करणारे दोघे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, पारखून पैज लावणं आपल्याला जमतं, असं मला वाटू लागलं होतं. त्या दिवशीचा डावखुरा पाच दिवस विश्रांती घेऊन आला होता आणि समोरचा सलग मार खात होता. मी मुलीच्या कॉलेजची फी डावखुऱ्यावर लावली.

तिसऱ्या डावात चेंडू फेकता फेकता तो कोपर धरून खालीच बसला. टोपीने त्याने तोंड झाकून घेतलं. मला त्याचा भयंकर संताप आला. त्याचे सगळे आकडे मला पाठ होते. त्याला दुखतंय, एवढंच माहीत नव्हतं.

चहा घेऊन आलेली बायको वाकून बघत म्हणाली, "अहो, रडतोय का हो बिचारा?"

मी मोबाईलचा आवाज बंद केला.

"सुनंदा, फी भरलेली नाही," मी म्हणालो. "यात गेली."

ती कप हातात धरून तशीच खाली बसली. पडद्यावर डावखुऱ्याच्या जागी आलेला पिचर हात मोकळे करत होता, आणि माझा अंगठा त्याचे आकडे शोधत होता.