थेंबाथेंबानं चढलेलं सोडियम

“तुमच्या मिस्टरांचं सोडियम एकशे दहावर आलंय. एकशे पस्तीस तरी हवं,” डॉक्टर म्हणाले. खाटेवर पडलेले हे माझ्याकडं बघून विचारत होते, “पावणं, कुठल्या गावचं तुमी?” एवढ्या वर्षांचा संसार आणि मी पावणी!

आजाराचं नाव हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातल्या सोडियमची संहती घटणं. बीपीच्या गोळीमुळं ते लघवीवाटे जात होतं. वर उन्हाळा म्हणून हे तांब्यावर तांब्या पाणी रिचवत होते. त्यानं मेंदूला सूज आली होती.

संहती, म्हणजे ठरावीक द्रावणात पदार्थ किती, हे मी कोल्हापुरातल्या कॉलेजात जन्मभर शिकवलं. टायट्रेशनच्या प्रयोगात घाईनं ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, तोटी सोडणाऱ्या पोरांवर खेकसायचे, “थेंब थेंब सोडा!” इथं मात्र मीच डॉक्टरांच्या मागं लागले, “ते खारं सलाईन जरा जोरात सोडा की.”

“एकदम वाढलं तर मेंदूला कायमची इजा होईल. रोज थोडंच वाढवायचं,” ते म्हणाले.

मग दर काही तासांनी रक्त लॅबला जायचं आणि मी लॅबच्या खिडकीसमोर बाकावर बसायचे. दुसऱ्या दिवशी हुपरीहून नणंद आली तेव्हाच रिपोर्ट हातात पडला: एकशे तीस. “चढलं की वैनी!” म्हणत तिनं मला मिठी मारली. मी मात्र रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं धावले. एका रात्रीत इतकं? डॉक्टरांनी सलाईन बंद केलं. आकडा खाली यावा म्हणून मी देवाला विनवत होते.

“रक्त कुठल्या हातातून घेतलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“सलाईनच्याच हातातनं घेतलंय की, सर,” सिस्टर चाचरत म्हणाली.

म्हणजे नमुन्यातच सलाईन मिसळलं होतं. दुसऱ्या हातातलं रक्त तपासलं: एकशे सोळा. त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आकडा लवकर का वाढत नाही म्हणून कुणाशी भांडू नका.

आठवड्यानं हे घरी आले. आता दर महिन्याला रक्त तपासतो. रिपोर्ट येईपर्यंत मला चैन नसतं, चहा देता देता विचारते, “मी कोण, सांगा बघू?”

“पावणं हाईसा की,” हे मिशीत हसतात.

मीही हसते. पण त्याआधी, दर वेळी, काळजात धस्स होतं.