भरल्या अंगाची ताई

आमच्या ताईला खाऊ घालून मारलं, असं मी म्हटलं की भावाची नातवंडं माझ्याकडे बघून हसतात. "खाऊन कोणी मरतं का हो, आत्याआजी?" मरतं, बाबांनो. आता तुम्ही सुईनं रक्त काढून देता आणि संध्याकाळी कागद येतो, काळजावर, तुमच्या त्या लिव्हरवर, चरबी आहे, अंगात सूज आहे, साखर कमी करा. आमच्या वेळी, वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा, अंगावर चरबी चढली की लोक भाग्य उघडलं म्हणत.

ताई माझ्याहून मोठी. साखरखेर्ड्याहून तिला अमडापूरकडच्या एका जमीनदाराच्या घरात दिली होती. लग्नात ती इतकी किरकोळ होती की शालूत दिसतच नव्हती. तिच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवाळीला ठरवून टाकलं, "पोरीच्या अंगावर मांस नाही. अंगच नाही तं कूस कशी उजवन?" झालं. तेव्हापासून ताईला कशाला हात लावू दिला नाही. सकाळी तुपातला शिरा, दुपारी डिंकाचे लाडू, रात्री म्हशीचं सायीसकट दूध. दळण नाही, पाणी भरणं नाही, शेताचं तर तोंडही नाही. माया नव्हती असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. सासूबाई स्वतः शेजारी बसून वाढायच्या. पण बघायच्या सारख्या पोटाकडेच.

वर्षं गेली, मूल झालं नाही. ताई मात्र फुगत गेली. ओसरीवरून न्हाणीपर्यंत गेली तरी धापा टाकायची. मानेच्या घड्या काळ्याकुट्ट पडल्या, घासून जाईनात. सासूबाई म्हणायच्या मळ आहे, हळद चोळा. गावातल्या बाया दारात थांबून कडाकडा बोटं मोडायच्या. "काय अंग धरलं बाई! खात्यापित्या घरची सून दिसते." ताई लाजून हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा.

मी तोवर विधवा होऊन माहेरी परतले होते. आमच्यात विधवेचा पाट लावत नाहीत, दुसरं लग्न नाही. म्हणजे मी मोकळी, जिथं काम निघेल तिथं धाडायला बरी. एक दिवस ताईच्या सासरहून निरोप आला. ताईची पाळी थांबली आहे, पोट दिसू लागलं आहे, धाकटीला मदतीला पाठवा. आई देवापुढे बसून ढसाढसा रडली. तिला रडू येणारच. सासूबाईंनी भाऊजींसाठी धामणगाव बढ्याकडची एक पोरगी पाहून ठेवली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. ताईच्या पोटामुळे ती बोलणी थांबली. पोट आहे तोवर सवत नाही, इतका सरळ हिशोब होता, आणि तो ताईइतका कोणालाच पाठ नव्हता.

मी गेले आणि पाहून चरकले. तूप समोर आलं की तिला मळमळायचं. अंगाला खाज. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दंड मात्र वाळत चाललेले, आणि पुढे हे एवढं पोट. घरात सगळं डोहाळ्यांत जमा. मी म्हटलं, एकदा सुईणीला बोलवा. सासूबाई अंगावर आल्या. "इतक्या वर्सानं पोट राह्यलं! कोनाचाच हात लागू देनार नाही मी. नजर लागते तसा हातबी लागते." त्या घराचा नेमच होता तो, नवसाच्या पोटाला परका हात लावायचा नाही. आणि नवसाच्या पोटाला घरचा हात तरी कोण लावणार? साऱ्या गावानं ते पोट नुसत्या डोळ्यांनी तपासलं आणि पास केलं.

डोहाळजेवण थाटात झालं. मला विधवेला तिथं जागा नव्हती, मी मागच्या चुलीपाशी. पुढे बाया गाणी म्हणत होत्या, हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. मध्येच ताई मागच्या दारानं आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"काई हालून नाही राह्यलं वं आत," ती म्हणाली.

"तुह्यासारखंच असन, आळशी," मी म्हटलं. "बापावर गेलं तं दुपारशिवाय उठनार नाही."

ती हसली. दारातून ऊन येत होतं. त्या उजेडात तिच्या डोळ्यांचं पांढरं मी पाहिलं. पिवळंधमक होतं ते, हळद फासावी तसं.

कावीळ उतरवणारा आला. त्यानं तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे खूश झाले आणि तो शिधा घेऊन गेला. डोळे होते तसेच. मग मात्र भाऊजी घाबरले. "लेकराले काही व्हाले नको," असं म्हणत त्यांनी बैलांची दमणी जुंपली. चिखलीपर्यंत दमणी, पुढे मोटार, असे आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो.

बाईमाणसाचं पोट तपासायचं, म्हणून भाऊजी बाहेर लिंबाखाली बसले. आत मी आणि ताई. डॉक्टर उतारवयाचे, फार न बोलणारे. त्यांनी तिला उताणी निजवून पोटावर बोटानं ठकठक वाजवलं, कुशीवर वळवून पुन्हा वाजवलं. लघवी नळीत धरून दिव्यावर तापवली. मग मला विचारलं, "या पितात का?"

"काय पितात?"

"दारू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डाक्तरसाहेब, आमच्या घरात बाया चहासुद्धा चोरून पितात!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "पोटात मूल नाही. पाणी आहे. काळीज आक्रसून दगडासारखं झालंय, म्हणून पाणी साठतंय." आत कसलं मूल आणि कसलं काय! ताई निजली होती तिथून छताकडे बघत राहिली. तिला नवल वाटलेलं मला दिसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, सुई घालून थोडं पाणी काढू, श्वास मोकळा होईल, इथंच ठेवा. मग मला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "असे मी आणखी पाहिलेत. सुखवस्तू, अंगानं भरलेले, दारूचा थेंब न शिवलेले. आणि काळीज दारुड्यासारखं. पुस्तकात दारूच लिहिलीय. मला वाटतं, चरबी बाहेर चढते तशीच आत काळजावरही चढत असणार. पण उघडून पाहिल्याशिवाय कसं सांगू? कोणी पाहू देत नाही. या गेल्या, तर मला एकदा..." आणि त्यांनी बोट हवेत आडवं ओढलं.

"तुमी डाक्तर हा का खाटीक?" मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. "पुढच्या बाईला उपयोग झाला असता," एवढंच म्हणाले आणि सुई उकळायला सांगायला गेले. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं हे आज मला कळतं. तेव्हा त्याचे डोळे काढावेसे वाटले होते.

तेवढ्यात ताई उठून बसली. "पानी काढू देनार नाही मी."

"ताई, मरशीन ना वं!"

"मरीन तं मरीन. पोट उतरलं की धामनगावची येते का नाही सांग? मंग मले कुठी ठेवतीन? गोठ्यात?" ती एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होती. "भरल्या पोटानं मेली तं मानानं नेतीन. तू कोनाले सांगशीन तं माह्या गळ्याची शपथ."

डॉक्टर परत यायच्या आत ती पदर सावरून स्वतः बाहेर गेली आणि भाऊजींना म्हणाली, "चाला, डाक्तर आराम करा म्हनते." भाऊजींनी आत जाऊन एक शब्द विचारला नाही. आपल्या बायकोच्या पोटाबद्दल परक्या पुरुषाशी बोलायचं कसं! लाज वाटली त्यांना. जळो ती लाज. मीही तोंडाला कुलूप लावलं. तिनं शपथ घातली होती, आणि घातली नसती तरी तिच्या सवतीचा रस्ता मी कशाला मोकळा करू?

त्यानंतर ताई फार टिकली नाही. एका सकाळी रक्ताची उलटी झाली, पुन्हा झाली, आणि उन्हं अंगणात उतरायच्या आत ती गेली. मी तिचं तोंड पुसलं.

गाव लोटलं. पोटुशी सवाष्ण गेली म्हणून बायांनी असा आक्रोश मांडला की गोठ्यातली गुरं बिचकली. तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. भाऊजी खांबाला डोकं आपटून रडत होते. खरं सांगते, त्या दुःखातही मला बरं वाटलं. तिला हवं होतं तसंच सगळं होत होतं.

आणि मग भटजींनी भाऊजींना बाजूला घेतलं. सहा महिन्यांवरचं पोट आहे, तसंच जाळता येत नाही. शास्त्राप्रमाणे मूल वेगळं काढावं लागतं, आईला अग्नी आणि मुलाला माती. भाऊजी रडतच हो म्हणाले. कोणीतरी न्हाव्याला बोलवायला धावलं. वस्तऱ्यासाठी.

मी मागे भिंतीशी बसले होते. डॉक्टरला कापू दिलं नाही ते या न्हाव्याकडून कापून घ्यायला? ताईची शपथ आठवली. ती आता कोणाच्या गळ्याला लागणार होती? मी उठले, बायांमधून वाट काढली आणि मोठ्यानं म्हटलं, "कापू नका. पोटात लेकरू नाही. पानी हाय."

"चूप बस, रांडे!" भाऊजी ओरडले.

"डाक्तरनं सांगतलं होतं. तिलेबी ठाऊक होतं. हात लावून पाहा ना कोनीतरी! लेकराले हाडं असतात!"

सासूबाई हळूहळू पुढे आल्या. इतक्या महिन्यांत त्या पोटावर घरातला पहिला हात पडला तो तेव्हा. त्यांनी एका बाजूनं दाबलं. पोट दुसऱ्या बाजूनं हललं, पाण्यानं भरलेली पखाल हलते तसं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, मग हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

"न्हाव्याले नाही म्हना," त्या म्हणाल्या. "उचला आता. ऊन चढून राह्यलं."

मोठा गळा काढणाऱ्या बाया पदर झटकत उठू लागल्या. एक दुसरीला म्हणाली, चाल वं, चुलीवर दूध हाय. भाऊजींकडे मी पाहिलं. त्यांचं रडणं थांबलं होतं. आतापर्यंत मी समजत होते की हा माणूस माझ्या बहिणीसाठी रडतोय. त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं, उपरण्यानं कोरडं केलं आणि तिरडी आवळायला आणखी एक दोर मागितला.