वर गार, खाली गरम

काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी यजमानाकडे बघत नसत. बूट काढायचे, पॅसेजच्या भिंतीवरच्या, गरम पाण्यावर घर तापवणाऱ्या रेडिएटरशी वाकायचं, आणि आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात आधी वर, मग खाली लावायचा. मग निदान. "वर गार, खाली गरम. पोटात वारा धरलाय." किंवा, "वर गरम, खाली गार. गाळ साचलाय, हे काही माझ्या हातचं नाही." हे सगळं झालं की मग, "कशी आहेस गं?"

लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या गल्लीत त्या दोन घरं सोडून राहायच्या. उभा जन्म विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात गेला होता, तोही म्हणे फ्रिजसारख्या गार हॉलमध्ये, त्यामुळे थंडीशी त्यांचं वैर अगदी घरगुती होतं. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढायची ती एवढीशी पितळी चावी त्या काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "हे गेल्यावर मंगळसूत्र काढलं, तर गळा रिकामा रिकामा वाटायला लागला. म्हटलं, उपयोगाचं काहीतरी घालावं." एवढं बोलून त्या हसल्या. मला काही हसू येईना.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल बघा, ज्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असतं. एका संक्रांतीला बायकांनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, कंगवे, रुमाल लुटले. काकूंनी प्रत्येकीच्या ओटीत रेडिएटरची चावी टाकली. "तिळगूळ घ्या, आणि वर्षातून एकदा हवा काढा." त्या दिवशी हळदीकुंकू राहिलं बाजूला, बायका एकमेकींच्या घरचा गारठा सांगत बसल्या. माझ्या वाटची चावी मी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरून गेले.

आणि खरं सांगू? काकूंचं निदान निम्म्या वेळा चुकायचं. पण चुकलं हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

माझी लेक डिसेंबरात झाली, आणि ठरल्या वेळेच्या बरीच आधी. मुठीएवढा जीव. काही दिवस हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत राहून घरी आली. घरी येणाऱ्या नर्सने बजावलं होतं, खोली फार गरम नको, पण गार तर मुळीच पडू देऊ नका. हिचं वजन वाढेना तर परत भरती करावं लागेल. आणि नेमका वरच्या खोलीतला, बाळाच्या खोलीतला रेडिएटर थोडा वेळ तापायचा आणि मग निवून जायचा. बाळंतपणाला नागपूरहून आलेली माझी आई त्याला हात लावून बघायची आणि म्हणायची, "एवढा मोठा तुमचा देश, आणि बाळंतिणीच्या खोलीत एक शेगडी नाही?" घरमालकाचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. पुढचा आठवडा काही येत नव्हता.

मग काकू आल्या. हात लावला, वर गार, खाली कोमट. "वारा." चावी फिरवली, फुस्स झालं, चार थेंब पाणी वाटीत पडलं. तासाभराने रेडिएटर पुन्हा गार. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि घरातल्या एकूण एक रेडिएटरचा वारा काढला. इतका काढला की सगळ्यांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरमधलं पाण्याचं प्रेशर उतरलं आणि अख्खं घरच थंड पडलं. माझ्या नवऱ्याने व्हिडिओ बघत बघत नळ उघडून पाणी भरलं, तेव्हा कुठे बॉयलर चालू झाला. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाल्या, "जास्त जुलाब झाले की अशक्तपणा यायचाच."

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी हात लावला आणि निदानच केलं नाही. नर्सने सकाळीच वजन केलं होतं आणि आकडा जागचा हलला नव्हता. लेकीचे पाय मी माझ्या पोटाशी धरून बसले होते, तरी ते गारच. मला रडू आवरेना. काकू खाली जिन्याच्या पायरीवर बसून नुसत्या ऐकत होत्या. बॉयलर सुरू झाला. थोड्या वेळाने टक्क करून बंद पडला. त्या उठल्या आणि पालथा हात पुढे करून पॅसेजच्या भिंतीवरून चाचपत गेल्या. हात थांबला तो थर्मोस्टॅटच्या पांढऱ्या डबीवर. त्या डबीला जेवढी ऊब लागेल तेवढीच साऱ्या घरात आहे असं बॉयलर धरून चालतो. आणि डबीच्या बरोबर खाली, फळीवर, आईने देव मांडले होते, आणि देवांपुढे अखंड दिवा.

"अगं बाई, ह्या डबीला ऊब लागत्ये देवाची," काकू म्हणाल्या. "हिला वाटतंय सगळं घर तापलंय. वर बाळ गारठतंय, ते हिला कुठून कळणार?"

दिवा हलवायचा एवढंच काम. पण आई उठून दिव्याच्या पुढे उभी राहिली. बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा तिने तो लावला होता, सव्वा महिना जागचा हलवणार नाही असं देवाला बोलून. दिवा हलला आणि बाळाला काही झालं तर? नवरा म्हणाला, त्यापेक्षा आपण बाळालाच पॅसेजमध्ये आणू. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा करायला निघून गेला.

मला वाटलं, आता जुंपणार. दोघीही कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण काकू हळूच म्हणाल्या, "ताई, माझी लेक झाली तेव्हा आमच्या एका खोलीत भिंतीला ओल होती. माहेरून कुणी येऊ शकलं नाही. रात्रभर तिला कोटाच्या आत घेऊन बसायचे मी. माझ्यासाठी असा दिवा लावायला कुणी नव्हतं. हा विझवा असं मी कशी म्हणेन?"

आईने निरांजनात नवी वात घातली, आणि काकूंच्या हातात दिलं. काकूंनी अखंड दिव्यावर ती वात पेटवली, हाताचा आडोसा केला आणि पावलापावलाने स्वयंपाकघरातल्या खिडकीशी नेली. त्यांच्यामागून आई एकेक देव घेऊन गेली. जुना दिवा आईने सगळ्यात शेवटी शांत केला, ज्योत नव्या जागी तेवत असल्याची तीनतीनदा खात्री करून. देवाला दिलेला शब्द मोडला की नाही, यावर त्या दोघी पुढे कितीतरी दिवस वाद घालायच्या.

संध्याकाळी वरचा रेडिएटर तापला तो तापलेलाच राहिला. आठवड्याभराने वजनाचा काटाही हलला. आईने त्या दिवशी काकूंना खुर्चीत बसवलं, डोक्यावर कोमट तेल थापलं आणि डिंकाचे लाडू पुढे ठेवले. काकू म्हणाल्या, हे बाळंतिणीचं, मला कशाला? आई म्हणाली, "तुमचं बाळंतपण करायचं राहून गेलंय." काकूंनी लाडू खाल्ला. मग डोळ्यांत तेल गेलं असं म्हणत, पदर नसल्याने कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसत राहिल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीने त्यांना ब्रिस्टलला नेलं. नवा फ्लॅट, ऊब फरशीखालून येते, भिंतीला एकही रेडिएटर नाही. फोनवर म्हणायच्या, "सगळं छान आहे गं, फक्त हात कुठे लावायचा ते कळत नाही." गल्लीत आता कुणी दारात वाकत नाही. आमचा पॅसेजमधला रेडिएटर मात्र वरून गार पडायला लागला, तेव्हा मी चमच्यांचा ड्रॉवर धुंडाळून चावी काढली.

आई नागपूरहून दर हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांचे दोन डबे पाठवते, एक आमचा, एक काकूंचा. यंदा त्यांचा डबा द्यायला आम्ही ब्रिस्टलला गेलो. काकूंनी दार उघडलं. गळ्यात चावी होतीच. आम्ही आत आल्या आल्या काकू सवयीने भिंतीकडे वाकल्या, पण तिथे काही नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो माझ्या लेकीच्या गालाला पालथा लावला. ती आता शाळेत जाते. काकू हळूहळू गुडघ्यावर बसल्या, तिचा मोजा काढला आणि तळव्याला हात लावला.

"वर गरम, खाली गरम," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी तो पाय सोडला नाही.