तीन शिट्या आणि पाचचं बटण

कारखान्यात त्याला सगळे कॅरियर म्हणायचे. सायकलच्या मागे असतं ते कॅरियर नव्हे, आणि नातेवाईक भेटले की ज्याची चौकशी करतात ते करिअर तर नव्हेच नव्हे. दोन मोडेम फोनच्या तारेवरून एकमेकांना भेटतात, तेव्हा आधी एक सलग सूर लागतो. त्या सुराला कॅरियर म्हणतात. सूर लागला तर पुढचं बोलणं, नाहीतर पडद्यावर 'नो कॅरियर' असे दोन शब्द उमटतात आणि विषय संपतो. हा गृहस्थ दिवसभर त्या पडद्यासमोर बसून मोठ्याने म्हणायचा, "मिळाला का कॅरियर? नाही मिळाला!" नाव पडायला एवढं पुरेसं होतं. एकदा एका लांबच्या काकांनी विचारलं, "काय रे, करिअर कसं काय?" तर हा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "लाइन चांगली असली तर मिळतो." काकांनी पुन्हा विचारलं नाही.

वय बावन्न. लग्न जमलं नव्हतं. त्याचंही कारण तो पडद्यावरच्या त्याच दोन शब्दांत सांगायचा. घरी तो आणि त्याची आत्या, एवढाच संसार. आईवडील लवकर गेले आणि आत्याने त्याला वाढवलं. भाचा नेमकं काय काम करतो हे तिला तीस वर्षांत कळलं नव्हतं. कोणी विचारलंच तर ती सांगायची, "फोनला शिट्या मारायला शिकवतो." हे ऐकून त्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढायची, कारण त्या वर्णनात चूक काढायला जागा नव्हती.

कारखाना म्हणजे सहा माणसं, दोन खोल्या आणि एक फोन. तिथे छोट्या इलेक्ट्रॉनिक पेट्या बनत. पूर्वी मोडेम म्हटलं की एक भलंमोठं खोकं, त्याचा वेगळा अडॅप्टर आणि टेबलाखाली तारांचा गुंता. मग काड्यापेटीएवढा मोडेम बाजारात आला. तो थेट आपल्या सर्किट बोर्डावर बसवायचा, झाळायचा, दोन तारा फोनच्या लाइनला जोडायच्या, की कुठलंही यंत्र स्वतःहून फोन लावू शकेल. माहितीपत्रकात लिहिलं होतं, बसवायला अर्धा दिवस पुरतो. कॅरियरने ते माहितीपत्रक मालकांसमोर नाचवलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, अर्धा दिवस."

त्याला अकरा महिने लागले.

त्यातले पहिले दोन महिने तर निव्वळ फजितीचे. मोडेमच्या पायांचं चित्र पत्रकात खालच्या बाजूने काढलेलं होतं. तसं बारीक अक्षरात लिहिलंही होतं. पण बारीक अक्षरं वाचायची ती नवशिक्यांनी, असा त्याचा समज. त्याने ते वरून काढलेलं समजून बोर्ड आखला आणि एकदम चाळीस बोर्ड करून आणले. सगळे आरशातले. डावं ते उजवं, उजवं ते डावं. मालकांनी कपाळाला हात लावला. शेवटी मोडेम बोर्डाच्या पाठीमागे उलटे चिकटवले, छताला पाल चिकटते तसे, आणि गंमत म्हणजे ते चालले. पुढे ती बोर्डाची खास रचना आहे असं तो पाहुण्यांना सांगू लागला.

पेटी कशासाठी होती, तर इस्पितळातल्या लसींच्या फ्रिजसाठी. फ्रिजमधलं तापमान आठ अंशांवर गेलं की पेटीने औषधविभागाच्या बाईंना फोन लावायचा. बाईंनी फोन उचलला की तीन लांब शिट्या. ऐकलं, समजलं, असं कळवायला बाईंनी फोनवरचं पाचचं बटण दाबायचं. पाच दाबलं नाही तर पेटी दर चार मिनिटांनी पुन्हा फोन लावणार. "माणसापेक्षा चिकट आहे," असं तो कौतुकाने म्हणायचा.

शिट्या तीनच का, असं मालकांनी एकदा विचारलं होतं. "ऐकू येतात नीट," एवढंच उत्तर त्याने दिलं.

चाचणीसाठी कोणाचा तरी फोन हवा होता. कारखान्याचा एकमेव फोन पेटीलाच जोडलेला, तेव्हा पेटीने फोन लावायचा कुणाला? त्याने आपल्या घरचा नंबर प्रोग्राममध्ये घालून टाकला आणि शेजारी स्वतःसाठी लिहून ठेवलं, 'तात्पुरतं'. या शब्दावर त्याचा फार विश्वास होता. त्याच्या घरातली दोरीने बांधलेली खिडकीही तात्पुरतीच होती, गेली नऊ वर्षं.

आत्याला त्याने बजावलं, "फोन उचललास आणि तीन शिट्या ऐकू आल्या, तर ती माझी पेटी. खाली ठेवून द्यायचा. पुढचं मी इकडून बंद करतो."

"काही बोलायचं नाही?"

"यंत्राशी काय बोलणार, आत्या?"

"म्हणजे फोन घ्यायचा आणि तोंडावर आपटायचा. बरं दिसतं का ते?"

पण ती ऐकायची. रोज दोन-तीनदा फोन वाजायचा, ती उचलायची, शिट्या संपेपर्यंत थांबायची आणि मगच खाली ठेवायची. मध्येच ठेवणं तिला उद्धटपणाचं वाटायचं.

अखेर पेटी इस्पितळात बसली. तीस दिवसांची परीक्षा. मालकांनी त्याला आदल्या दिवशी बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "हे बघा कॅरियर, तीस दिवस पेटी नीट चालली तर इस्पितळ सगळ्या फ्रिजना लावणार आहे. नाही चालली, तर मोडेम हा विषय आपल्याकडे कायमचा बंद. तुम्ही पुढच्या खोलीत बसून रिमोट दुरुस्त करायचे." रिमोट दुरुस्ती म्हणजे स्क्रू काढायचा, आतली धूळ पुसायची, स्क्रू लावायचा. आयुष्यात एकच गोष्ट त्याला जमत होती, तीही अर्धी, आणि आता तीच जाणार होती.

बसवण्याच्या दिवशी मात्र तो नुसता चमकत होता. बाईंचा नंबर पेटीत भरला, तापमान मोजणारी तार मुठीत धरून गरम केली, आणि बाईंच्या टेबलावरचा फोन खणखणला. तीन शिट्या. बाईंनी पाच दाबलं. पेटी गप्प.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "एकदम शहाणी आहे की!"

इथेच घोडं पेंड खातं. कौतुकाची त्याला सवय नव्हती. पेटीत नंबर भरल्यावर तो जतन करायची एक वेगळी आज्ञा द्यावी लागते, फक्त तीन अक्षरांची. ती दिली नाही तर वीज असेपर्यंत पेटीला नंबर आठवतो, वीज गेली की विसरते. कॅरियरने दुसऱ्यांना ही गोष्ट हजार वेळा शिकवली होती. त्या दिवशी बाई "अरे वा" म्हणाल्या, हा लाजला, झाकण लावलं आणि चहा प्यायला गेला. पेटीला बॅटरी नव्हती, कारण ती पुढच्या मॉडेलमध्ये द्यायची असं ठरलं होतं.

सव्वीस दिवस सगळं सुरळीत. तो रोज कॅलेंडरवर फुली मारायचा. सत्ताविसाव्या दिवशी दुपारी इस्पितळात फरशी घासायचं यंत्र आलं. घासणाऱ्याने भिंतीवरचे दोन्ही प्लग काढले, काम उरकलं, दोन्ही परत लावले. पेटीचा नीट बसला. फ्रिजचा अर्धवट.

पेटी जागी झाली. फ्रिज तापत तापत आठ अंशांवर गेला, पण बाईंचा नंबर तिला आठवेना. तेव्हा ती आपल्या मूळ प्रोग्रामकडे वळली आणि तिथे तिला तो 'तात्पुरता' नंबर सापडला.

इकडे कॅरियर कारखान्यात पुढच्या मॉडेलच्या तयारीत गढला होता. समोरचा फोन चालू आहे की एंगेज हे मोडेमला ओळखता यावं म्हणून तो वेळ सांगणाऱ्या नंबरला पुन्हा पुन्हा फोन लावत होता. त्यामुळे कारखान्याचा फोन दीड तास एंगेज होता. एंगेज ओळखणारं यंत्र बनवण्यासाठी स्वतःचाच फोन एंगेज ठेवणारा माणूस जगात दुसरा नसेल, हे पुढे त्यानेच कबूल केलं.

चार वाजून गेल्यावर दारात आत्या उभी. घरच्याच चपला, एका हाताने गुडघा धरलेला, धाप लागलेली. तीस वर्षांत ती कारखान्यात कधी आली नव्हती.

तो दचकून उठला. "आत्या! काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझा फोन किती वेळ एंगेज! चालत आले शेवटी." तिने मूठ पुढे केली आणि उघडली. आत रुमालात गुंडाळलेली घराची किल्ली होती. "घे. किती शिट्या मारशील? नऊ वेळा वाजवलास."

कारखान्यातले बाकीचे पाचही जण बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही. त्याने मात्र ती रुमालातली किल्ली लगेच ओळखली.

लहानपणी ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दाराची घंटा कायम बिघडलेली, आणि हा किल्ली हरवण्यात पटाईत. शाळेतून आला की खाली रस्त्यावर उभा राहून तीन लांब शिट्या घालायचा. आत्या शिवणयंत्रावरून उठायची, खिडकीत यायची आणि रुमालात गुंडाळलेली किल्ली खाली टाकायची. एकदाही तिने उशीर केला नव्हता. पेटीला शिट्या किती द्यायच्या हे ठरवताना त्याच्या बोटांनी आपोआप तीन टाइप केलं होतं, आणि ते कशामुळे हे त्याला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मी म्हटलं ना तुला, तीन शिट्या म्हणजे पेटी," तो कसाबसा म्हणाला.

"पेटी तीनदा बोंबलून गप्प बसते. आज चार-चार मिनिटांनी चाललं होतं. म्हटलं, अडकलाय कुठेतरी."

चार-चार मिनिटांनी. नऊ वेळा. बाहेरच्या जगात त्याची एकच पेटी होती. जतन करायची ती तीन अक्षरं आता त्याच्या डोळ्यांसमोर नाचू लागली. त्याने मोडेमची तार उपटली, फोन हातात घेतला आणि इस्पितळात बाईंना लावला.

"बाई, फ्रिज बघा! लसींचा! आत्ता!"

बाई गेल्या. रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवलेला, त्यातून लांबच्या पावलांचे आवाज. मग बाई परत आल्या.

"प्लग निघालाय. दहा अंश. मी सगळं वरच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये हलवते. वाचलं म्हणायचं, आणखी दोन तासांनी सगळं टाकून द्यावं लागलं असतं. पण तुमच्या पेटीने मला काही कळवलं नाही हो. तुम्हाला कसं कळलं?"

खरं तर इथे त्याला एक सुंदर थाप मारता आली असती. पेटी कारखान्यालाही कळवते, ही आमची खास सोय, वगैरे. आरशातल्या बोर्डांच्या वेळी मारलीच होती. पण आत्या समोर स्टुलावर बसली होती, गुडघा चोळत, किल्ली मांडीवर ठेवून.

"मी नंबर जतन करायला विसरलो, बाई," तो म्हणाला. "पेटी माझ्या घरी फोन करत होती. माझी आत्या वीस मिनिटं चालत सांगायला आली."

मालक त्यांच्या खुर्चीतून हे सगळं ऐकत होते. त्याने मनातल्या मनात रिमोटचे स्क्रू मोजायला सुरुवात केली.

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे मी जागेवर नसले आणि पहिला फोन कोणी घेतला नाही, तर अशी पेटी दुसऱ्या कोणालातरी लावता येईल?"

"येईल."

"मग तशीच हवी मला. एका माणसावर नाही भागत. दुसऱ्या नंबरावर असं कोणीतरी पाहिजे, जे उठून चालत येईल."

परीक्षा आणखी तीस दिवस लांबली. परीक्षेच्या कागदावर बाईंनी लिहिलं, 'पेटी चुकली, आत्या चुकली नाही', आणि खाली सही केली. मालकांनी तो कागद डोक्यावर मारल्यासारखा त्याच्यासमोर आपटला, पण रिमोटचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात जाऊन ती तीन अक्षरं टाइप करून आला. तीनदा टाइप केली. एकदा पुरली असती, पण स्वतःवरचा विश्वास उडाला होता. दोन्ही नंबर इस्पितळातलेच भरले आणि घरचा नंबर प्रोग्राममधून काढून टाकला. त्याच्या आयुष्यातली ही पहिली तात्पुरती गोष्ट, जी खरंच संपली.

आठवडाभराने जेवताना आत्या म्हणाली, "हल्ली फोन वाजत नाही तुझा."

"आता नाही वाजणार. पेटी सुधारली. तिकडे बाई शिट्या ऐकल्या की पाच दाबतात, म्हणजे 'ऐकलं, समजलं'."

"बरं झालं," ती म्हणाली आणि ताटाकडे बघत जेवत राहिली. तिच्या आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं, आणि ते ऐकून त्याला स्वतःचाच राग आला. तीस वर्षांत त्याने सगळ्या यंत्रांना घरी फोन करायला शिकवलं होतं. आपण स्वतः कामावरून एकदाही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, कारखान्यातले सगळे चहाला बाहेर गेल्यावर, त्याने फोन उचलून घरचा नंबर फिरवला. पलीकडे आत्याने उचलला. बावन्न वर्षांच्या ओठांनी त्याने तीन लांब शिट्या घातल्या. पहिली फुसकी निघाली, दुसरी मध्येच फुटली, तिसरी जरा बरी.

'अगं, मी आहे' असं तो म्हणणार, तेवढ्यात कानात एक छोटा, स्वच्छ सूर वाजला.

तिने पाच दाबलं होतं.