ताकाचं यंत्र

आण्णांनी विचारलं, हे काय चाललंय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ताकाचं यंत्र. पुढचा दीड महिना माझा जो जीव टांगणीला लागला, तो या दोन शब्दांपायी.

आण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन सोनईला राहतात. मी नगरात राहतो आणि नागापूरच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलची कामं करतो. दुधाच्या टाक्या, हॉटेलांची सिंक, असलं. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून तोटी लावलेलं मोठं पातेलं करून घेतलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, घरी बिअर करतो. मी त्याच्या तोंडावर हसलो. महिन्याभरानं त्यानं एक बाटली आणून दिली, तेव्हा माझं हसू बंद झालं. असा मी घरी बिअर करणाऱ्या मंडळींत ओढला गेलो. आठ-दहा जण, सगळे शिकलेसवरलेले, भिजवलेल्या जवावर तासभर बोलू शकणारे. घरी बिअर करायला परवाना लागतो का, यावर आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा भांडण व्हायचं आणि न मिटताच थांबायचं.

तर उन्हाळ्यात एका मळ्यावर सगळ्यांनी जमायचं ठरलं. पुण्याचेही लोक येणार होते. त्यांच्यासमोर बिअर बाटलीतून नाही, नळातून द्यायची, तीही गार, आणि सगळं सामान दोघांना उचलून नेता आलं पाहिजे, अशी टूम निघाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कुणी हुशार समजलं की मी कामातून जातो. छाती काढून हो म्हणालो.

काम तसं साधं. जाड भिंतीची बर्फाची पेटी घ्यायची, तिच्यात बारीक नळीचं वेटोळं बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, पुढं तोटी लावायची. कार्बन डायऑक्साइड गॅसचा लहान सिलिंडर बंद पिंपातली बिअर मागून ढकलतो आणि वेटोळ्यातून फिरून येईस्तोवर ती थंडगार होते. घोडं अडलं वेटोळ्यावर. वाकवताना नळी चेपायची. दोन नळ्या वाया गेल्या, तिसरी मी रागानं भिंतीवर आपटली. तेवढ्यात दाराशी खुर्चीत बसलेल्या आण्णांनी तो प्रश्न विचारला.

खरं का नाही सांगितलं? सांगायची सोय नव्हती. माझा धाकटा चुलता दारूनं गेला. आण्णांनी त्याला गटारातून उचलून आणलाय, खांद्यावर दवाखान्यात नेलाय, आणि शेवटी त्याच खांद्यावर पुढं नेलाय. तेव्हापासून गळ्यात माळ. कारखान्यानं बढती देऊन दारूच्या विभागात घातलं, तर आण्णांनी बढतीवर पाणी सोडलं. ज्या घरात बाटली असते तिथं ते पाणीसुद्धा पीत नाहीत. अशा माणसाला मी काय सांगणार होतो?

आणि दुसरं असं की आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. आण्णा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. जेवले का म्हटलं तर हो म्हणायचे आणि ताट तसंच असायचं. म्हणून मीच म्हणालो होतो, एसटीनं शेडवर येत जा, तेवढंच माणसांत बसाल. येऊन बसायचे, चहा घ्यायचे, चारच्या गाडीनं परत जायचे. बोलणं नाही काही.

ताकाचं नाव ऐकलं आणि आण्णा खुर्चीतून उठले.

दुसऱ्या दिवशी पिशवीत चाळलेली बारीक वाळू घेऊन आले. माझ्या बायकोच्या लोखंडी कढईत ती भाजली, ओल राहायला नको म्हणून. नळी शेडच्या छपराच्या कैचीला उभी बांधली, वरून नरसाळ्यानं वाळू सोडत गेले आणि लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत गेले, बोटभर पोकळी राहू दिली नाही. दोन्ही तोंडं बुचानं बंद केली आणि मग एका जाड पाइपावर नळी गुंडाळायला घेतली. कुठं चेपली नाही, दबली नाही. अशा दोन नळ्या झाल्या, मी त्या आर्गॉन वेल्डिंगनं जोडल्या. आण्णांनी जोडावरून नख फिरवलं आणि म्हणाले, बरा जमलाय. माझ्या आयुष्यात आण्णांनी दिलेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट. मला आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

त्यानंतर आण्णा जेवायला लागले. दुपारी डब्यातल्या दोन भाकरी. बायको म्हणाली, बघा, कामात जीव रमला. मी खाली मान घालून जेवत राहिलो. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज सकाळी आण्णा बाह्या सरसावून यायचे आणि मी त्यांच्या हातात हत्यार द्यायचो. गॅस कशाला, सायकलीचा पंप चालंल की, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी थापा मारल्या. तोटी अशी चोचीसारखी कशाला, यावरही मारल्या. एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. माझ्याच शेडमध्ये मला श्वास घ्यायला जागा राहिली नाही.

मग एका दुपारी त्यांनी त्यांचा बेत सांगितला. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आई म्हशी पाळायची, तिच्या हाताचं ताक आमच्या आळीत सगळ्यांनी प्यालेलं. तिच्या नावानं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आल्यागेल्याला या यंत्रातून गार ताक पाजायचं, असं आण्णांनी ठरवलं होतं. गावात चार जणांना सांगूनही झालं होतं. तिची पहिली म्हैस त्याच बाजारातून आणलेली.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो! मळ्यावरचं जमणं त्याच्या आधीच्या रविवारी होतं. मनात हिशेब केला, रविवारी बिअर, मग वेटोळं उकळत्या पाण्यानं धुवायचं आणि बाजारात ताक. कुणाला काही कळायचं नाही. असा विचार माझ्या डोक्यात आला, हे लिहितानाही माझीच मला किळस येते.

पण आण्णा फिटर. चाचणी घेतल्याशिवाय ते यंत्र शेडबाहेर काढू देईनात. बायकोनं ताक करून, गाळून दिलं. बर्फ भरला, गॅस सोडला. तोटीतून आधी नुसता फेस आला, मग धार आली ती करंगळीएवढी, मग थेंब, मग काहीच नाही. मी म्हणालो, ताक जाड झालं असेल.  आण्णांनी नळीच्या टोकाचा आट्यांचा जोड सोडवला, नळीच्या तोंडाशी अडकलेलं लोणी काडीनं काढलं. नळीत डोकावले, सिलिंडरकडे बघितलं, तोटी उघडमीट करून बघितली. जमिनीवर बसकण मारून बराच वेळ बसले. मला कळलं, आता हा माणूस शोधून काढणार. बिघडलेलं मशिन तो असंच बघत बसायचा आणि दोष सापडल्याशिवाय उठायचा नाही.

"हे ताकासाठी न्हाई," आण्णा म्हणाले. "ताकाला एवढी बारीक नळी कुनी घालत न्हाई. कशासाठी बनवलंय?"

"बिअरसाठी," मी म्हणालो. 

आण्णा रागावले असते, हात उचलला असता, तर मी सुटलो असतो. त्यांनी हातातली लोण्याची काडी खाली ठेवली.

"तुज्या आईच्या नावानं मी यातून ताक पाजनार हुतो."

एवढंच म्हणाले. मग उठले आणि पाणी तापवायला ठेवलं. सोडा घातला, वेटोळ्यातून सोडलं, पुन्हा तापवलं, पुन्हा सोडलं. मी म्हणालो, आण्णा, राहू द्या, मी करतो. ऐकलं नाही. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, जोड पुन्हा बसवला, हत्यारं पुसून जागेवर ठेवली. चारची गाडी केव्हाच गेली होती. पाचची गाठायला निघाले. मी मोटारसायकल काढली तर हातानंच नको म्हणाले.

रविवारी मळ्यावर आण्णांचं वेटोळं झकास चाललं. पुण्याच्या लोकांनी झाकण उघडून फोटो काढले. कुणी वाकवलं म्हणून विचारलं, मी सांगितलं, वडिलांनी. लगेच पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, शाल-श्रीफळ देऊ, असं सुरू झालं. दोन जणांनी तशीच पेटी मागितली. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. माझ्याच्यानं एक ग्लास संपला नाही. आण्णा त्या आठवड्यात शेडवर आले नव्हते, फोन उचलत होते पण हूं आणि बरं, याच्या पलीकडे जात नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी घोडेगावला गेलो. आण्णांनी लिंबाखाली दोन माठ मांडले होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. ताक चुलतीनं केलेलं, म्हणजे दारूनं गेलेल्या त्याच चुलत्याच्या बायकोनं. माणसं म्हशींचे दोर हातात धरून रांगेत उभी होती आणि आण्णा लांब दांड्याच्या वगराळ्यानं प्रत्येकाच्या ग्लासात ताक ओतत होते. ऊन मी म्हणत होतं, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ती आईची पंगत होती आणि मी तिचा एकुलता एक मुलगा. मी पुढं झालो, म्हणालो, आण्णा, तुम्ही सावलीत बसा, मी वाढतो, आणि वगराळ्याला हात घातला.

आण्णांनी वगराळं माझ्या हातातून काढून घेतलं. ओढलं नाही, सावकाश काढून घेतलं. मग एक ग्लास भरून माझ्यापुढं धरला.

"तू पी," ते म्हणाले. "पाजू नको."

मी तिथंच उभ्यानं प्यालो. मागं माणसं खोळंबली होती, म्हणून ग्लास बादलीत टाकला आणि बाजूला झालो.